पहिला हात कोणाचा?

[संध्याकाळचा सराव, मातीचं मैदान. चढाईपटू मध्यरेषा ओलांडतो.]

कबड्डीत चढाईपटू एकटा येतो आणि समोर सात जण उभे असतात. हिशेब सरळ बचावाच्या बाजूचा. तरीही तो या सातांतून निसटतो आणि जाताना तिघा-चौघांना बाद करून जातो. ताकद कमी पडली, असं मैदानाबाहेरून वाटतं. बहुतेक वेळा कमी पडलेला असतो तो क्रम. पहिला हात कोणाचा, दुसरा कोणाचा, आणि कोणी हात लावायचाच नाही, हे ठरलेलं नसतं.

क्रमाला एवढं महत्त्व का, ते नियमात दडलंय. पकड फसली आणि चढाईपटूचं बोट जरी मध्यरेषेला टेकलं, तरी ज्यानं ज्यानं त्याला धरलं तो प्रत्येक जण बाद. पाच जणांनी झडप घातली असेल तर पाचही बाहेर, आणि समोरच्यांना पाच गुण. मदतीला धावणारा स्वतःची जागा पणाला लावत असतो. म्हणून ‘सगळ्यांनी मिळून तुटून पडा’ हा सल्ला कबड्डीत चालत नाही.

[मैदानाचं वरून घेतलेलं दृश्य, रेषा ठळक.]

पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद. मध्यरेषेपासून निदानरेषा ३.७५ मीटरवर. तिच्यामागे एक मीटरवर बोनसरेषा, आणि तिथून अंतिम रेषेपर्यंत उरतात जेमतेम पावणेदोन मीटर. बचाव बहुतेक वेळ या शेवटच्या पट्ट्यात उभा असतो. चढाईपटूनं कोणाला स्पर्श केला नसेल, तर त्याला निदानरेषा ओलांडावीच लागते, आणि एका दमात, ३० सेकंदांच्या आत परतावं लागतं. घड्याळ त्याच्या विरुद्ध चालतं. घाई मात्र बचावालाच होते!

आता सातांची मांडणी पाहा. दोन्ही टोकांना कोपरारक्षक, त्यांच्या शेजारी एकेक जोडीदार, मधे तिघे. दोन-तीन-दोन. कोपऱ्यातल्या जोडीनं एकमेकांचे हात धरलेत, ते उगाच नाही. कोपरारक्षक घोट्यासाठी झेपावतो तेव्हा त्याचा तोल पुढे जातो. झेप हुकली, तर जोडीदार त्याला त्याच हातानं मागे ओढतो. शिवाय हाताचा दाब ही खूण असते. आरडाओरड्यात शब्द ऐकू येत नाहीत, आणि आलेच तर चढाईपटूलाही येतात. एक दाब म्हणजे थांब, दोन म्हणजे जा. प्रत्येक जोडी आपापलं ठरवते. हात घट्ट आवळून धरणं ही नवख्यांची नेहमीची चूक. जोडीदार एका बाजूला, आपण दुसऱ्या बाजूला, आणि दोघंही आडवे. पकड सैल हवी, सुटायला झटका लागता कामा नये.

[तीच चढाई, सावकाश गतीत.]

चढाईपटू डाव्या कोपऱ्याकडे वळतो. डावी जोडी मागे सरते, त्याला आणखी आत येऊ देते. त्याच वेळी उजवी जोडी हळूहळू पुढे चढते आणि त्याची परतीची वाट अरुंद करते. बचावात सहा किंवा सात जण आहेत, म्हणजे बोनसरेषा ओलांडून मिळणारा बोनस गुण खुला आहे. त्यासाठी तो पाय लांबवतो. मागचा पाय हवेत, सगळं वजन पुढच्या पायावर. कोपरारक्षकाला हवा असलेला क्षण हाच. पहिला हात घोट्यावर.

इथून पुढचा अर्धा सेकंद दुसऱ्याचा. गणित करून पाहा. निदानरेषेपाशी पडलेल्या चढाईपटूला मध्यरेषेपर्यंत ३.७५ मीटर जायचंय, पण हात ताणून पडलेला उंच खेळाडू एकटाच सव्वादोन मीटर जागा व्यापतो. म्हणजे त्याला जेमतेम दीड मीटर सरकायचंय. घोटा धरून पोटावर पडलेल्या कोपरारक्षकाला तो तेवढा फरफटत नेऊ शकतो. म्हणून मध्यरक्षक त्याच्या मागून धावत नाही. तो चढाईपटू आणि मध्यरेषा यांच्या मधे शिरतो आणि कमरेला किंवा छातीला भिडतो. तिसरा दंड धरतो, कारण मध्यरेषेला आधी टेकतात ती बोटंच.

बाकीचे चौघे? त्यांनी थांबायचं. जोडीदार झटत असताना हात आखडून उभं राहणं अंगाला सोसत नाही, आणि बचावातलं सगळ्यात अवघड काम तेच आहे. मध्यरेषा हातभर अंतरावर राहिली असेल आणि पकड सैल पडताना दिसत असेल, तर चौथ्यानं उडी घेणं म्हणजे समोरच्यांना आणखी एक गुण देणं. पकड पक्की बसली असेल, तर त्याची गरजच नाही.

घाईची पकड याच्या उलट. चढाईपटू नुकताच आत आलाय, वजन अजून मागे आहे, आणि मध्यरक्षक एकटाच झेपावतो. चढाईपटू नुसता अंग काढून घेतो. ही चूक सर्वाधिक होते ती तिसऱ्या चढाईत. संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत त्याला गुण मिळवावाच लागतो, नाहीतर तो बाद. अशा वेळी बचावानं काहीच केलं नाही तरी गुण बचावाचाच!

[जकार्ता, २०१८. गुणफलक.]

आशियाई स्पर्धेत कबड्डी १९९० साली आली, आणि २०१४ पर्यंत पुरुषांचं एकही सुवर्ण भारतानं सोडलं नव्हतं. २०१८ साली उपांत्य फेरीत इराणनं भारताला २७-१८ असं हरवलं. महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणच, २७-२४. त्या महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. चाळीस मिनिटांत भारतीय पुरुषांना १८ वर रोखून धरायचं, तर ते बचावाशिवाय होत नाही.

[बाहेरच्या बाकावर बसलेले खेळाडू.]

बाद झालेले ज्या क्रमानं बाहेर गेले, त्याच क्रमानं आत येतात. एक पकड यशस्वी झाली की एक जण परत. त्यामुळे तुमचा उत्तम कोपरारक्षक बाकावर तिसरा असेल, तर समोरचे तिघे बाद होईपर्यंत त्याची वाट पाहावी लागते. तोवर कोपरा कोण सांभाळणार? जाणते प्रशिक्षक प्रत्येकाला शेजारची जागाही शिकवतात ते यासाठी. मैदानात तीन किंवा कमी जण उरले असताना केलेली पकड ‘अव्वल पकड’ ठरते, दोन गुण देते. पण आत एकच जण येतो, जादा गुणावर कोणी येत नाही.

तिघांचा सराव म्हणूनच वेगळा घ्यावा लागतो. दोन कोपरे, मधे एक. इथे साखळी नाही, मागे ओढणारा हात नाही. पहिला हात कोणाचा, हे चढाई सुरू होण्याआधी डोळ्यांनीच ठरवून घ्यायचं. प्रत्येक चढाईनंतर जागा बदलायच्या, म्हणजे मधे उभं राहून दोन्ही कोपऱ्यांकडे एकदम लक्ष ठेवणं काय असतं, ते कोपरारक्षकालाही कळतं. आणि फसलेल्या पकडीनंतर ‘कोणी सोडला?’ असं विचारत बसायचं नाही. दुसरा हात कधी आला, एवढंच पाहायचं.