खबर कोणी दिली?

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात कुठल्याही घरी विचारा, मूळचे कुठले? करीमनगर, वरंगल, नलगोंडा, उत्तर तयार असतं. पण तिथून इथं पहिला जो आला, त्याचा बाप कोण, असं विचारलंत की घरात दोन पक्ष पडतात. 1860 साली सोलापुरात रेल्वे आली, पुढच्या दशकात आज जिला 'जुनी मिल' म्हणतात ती कापडगिरणी उभी राहिली, आणि निजामाच्या मुलखातून विणकर येतच राहिले. कुणी बायकापोरांसह आला, कुणी पोरसवदा वयात नातेवाइकाचं बोट धरून. गोंधळ होतो तो या पोरसवद्यांचा.

हल्ली लोक जुने कागद काढतात ते जात पडताळणीसाठी. इतर मागासवर्गीयांना 1967 च्या आधीचा पुरावा दाखवावा लागतो, तो मिळाला की फाइल बंद. बापाचा शोध त्याच्याही मागे जातो. पालिकेचं जन्म-मृत्यूचं रजिस्टर, शाळेतला निर्गम उतारा, घराचं खरेदीखत, हे तर तुम्हाला ठाऊक आहेच. जुनं असेल तर मोडीत असतं, जाणकाराकडून वाचून घ्या. आणि कृपा करून जुना कागद लॅमिनेट करू नका. प्लॅस्टिकमध्ये घातलेला कागद म्हणजे गुदमरलेला माणूस, हे माझं मत मी कुणाचंही ऐकून बदलणार नाही.

एकच गोष्ट कानात ठेवा. कागदावर बापाचं नाव दिसलं की लगेच वंशावळीत घालू नका. ते नाव सांगितलं कोणी, हे आधी बघा.

साखर पेठेत माझ्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांचे पणजोबा लहानपणी तेलंगणातून आले. घरात आत्याबाईंचा पक्ष म्हणायचा, त्यांचा बाप मल्लय्या. चुलतभावांचा पक्ष म्हणायचा, छे, राजय्या. हे भांडण एवढं जुनं की लग्नाच्या पंगतीतसुद्धा निघायचं. एकदा तर भाताचं पातेलं तसंच राहिलं आणि वाढपी ऐकत उभे.

गुरुजींनी पालिकेतून पणजोबांच्या मृत्यूचा उतारा काढला. साल 1918. बापाचं नाव राजय्या! चुलतभाऊ पेढे घेऊन आले. आत्याबाईंनी पेढा खाल्ला नाही. मग त्यांनीच ट्रंकेतून घराचं खरेदीखत काढलं, 1911 चं. मोडी वाचणाऱ्यानं बोट ठेवून वाचलं, 'बिन मल्लय्या', म्हणजे मल्लय्याचा मुलगा. आता काय करायचं? दोन्ही जुने कागद, दोन्हींवर सरकारी शिक्का.

तेव्हा मी गुरुजींना म्हटलं, नाव सांगितलं कोणी ते बघू. मृत्यूच्या उताऱ्यात खबर देणाऱ्याचा रकाना असतो, तो कुणी वाचतच नाही. त्यात नाव होतं शेजारी राहणाऱ्या, मिलमधल्या एका जॉबरचं, म्हणजे मुकादमाचं. आता 1918 म्हणजे मानमोडीची, इन्फ्लुएन्झाची साथ. घरातले सगळे अंथरुणाला खिळलेले, पालिकेत जाणार कोण? शेजारी गेला. त्यानं आयुष्यभर जे ऐकलं होतं ते सांगितलं, 'राजय्याचा पोरगा'. खरेदीखत मात्र पणजोबांनी स्वतः समोर बसून लिहून घेतलं होतं, खाली त्यांचा अंगठा. निळसर, जरा फिसकटलेला, पण रेषा मोजता येतील असा. म्हणजे मल्लय्या हे नाव खुद्द त्यांच्या तोंडचं.

मग हा राजय्या कोण? तो सापडला नाशिकला. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या घराण्यांच्या वह्या असतात. गाव आणि आडनाव सांगितलं की वही निघते. गुरुजींचे आजोबा वडिलांचं करायला तिथं गेले होते. तीर्थश्राद्धात बापाच्या बापाचं नाव घेतात, तसंच आईच्या बापाचंही घेतात. वहीत दोन्ही होती. बापाचे वडील मल्लय्या, आईचे वडील राजय्या. शेजारी बारीक अक्षरात, राजय्या हा बापाचा मामा. म्हणजे मामानं भाच्याला सोलापूरला आणलं, वाढवलं आणि आपली मुलगी दिली. तेलुगू घरांत ही रीत जुनीच आहे. दोन्ही पक्ष दोघांचेही वंशज!

त्या मुलीचं, म्हणजे पणजीचं नाव घरच्या वंशावळीत नव्हतंच. असतं, तर राजय्या कोण हे पोरांनाही कळलं असतं. आपल्या वंशावळी नुसत्या बाप्यांच्या लिहितात, आणि वर लग्नपत्रिकेत निमंत्रकांची पलटण छापतात, त्यात एका आजीचं नाव नसतं. असो.

मल्लय्याचं गाव कोणतं हे शोधणं अजून बाकी आहे. निजामाचा कारभार उर्दूत चालायचा, तेव्हा आता उर्दू वाचणारा हवा; गुरुजींनी तो पाच्छा पेठेत हेरून ठेवलाय. चुलतभाऊ प्रवासाच्या भाड्याला पैसे देणार आहेत. आत्याबाई म्हणतात, "राजय्या असेल मामा, पण माझं आधी खरं ठरलं!" पेढे मात्र या वेळी त्यांनी स्वतः आणले, आणि चुलतभावांना एकेकच दिला.

नमस्कार.