चेन ओढून आणलीय? मग आधी गाडीवर दोघं बसून बघा

(गाडी मेन स्टँडवर. कॅमेरा थेट चेनवर.)

हे बघा, पुढचं आणि मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यांवरून फिरते ती दातेरी चाकं, त्यांच्या बरोबर मधोमध खालच्या चेनला बोट लावलंय. खाली दाबतो, वर उचलतो. किती हलली? सात-आठ मिलीमीटर, जास्त नाही. गाडी आमच्या चुलत्यांची. सकाळ-संध्याकाळ दुधाचे दोन कॅन अडकवून डेअरीला जातात. परवा चेन ओढून, म्हणजे घट्ट करून आणली आणि खूश आहेत, "खडखड गेली बघ!" गेली खरी.

काका, आता गाडी स्टँडवरून काढा आणि बसा. आणि तू कॅमेरा ट्रायपॉडला लाव, त्यांच्या मागं बस. हां, बसा नीट दोघं.

(कॅमेरा पुन्हा चेनवर.)

आता बोट लावतो. हलतेय? नाही. तंबोऱ्याची तार झालीय. आणि अजून कॅन लावलेले नाहीत, खड्डा आलेला नाही.

असं का होतं? मागचं चाक ज्यावर बसलंय तो चिमटा वर-खाली होतो तो त्याच्या पुढच्या बोल्टवर. पण चेन त्या बोल्टवरून फिरत नाही, ती फिरते त्याच्याही पुढच्या छोट्या स्प्रॉकेटवरून. दोन केंद्रं वेगळी. त्यामुळे वजन पडून चाक वर सरकलं की पुढच्या स्प्रॉकेटपासून मागच्या एक्सलपर्यंतचं, म्हणजे चाकाच्या दांड्यापर्यंतचं अंतर वाढतं. छोट्या स्प्रॉकेटचा मध्य, चिमट्याचा बोल्ट आणि एक्सल हे तिन्ही एका रेषेत आले की अंतर सगळ्यात जास्त. चेन काही रबर नाही. अंतर वाढलं की तिला जागा लागते, ती जागा म्हणजेच आपण ठेवतो तो प्ले. तो ठेवला नाही तर सगळा ताण जातो गिअरबॉक्समधल्या शाफ्टच्या बेअरिंगवर आणि मागच्या हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या बेअरिंगवर.

माझ्या स्वतःच्या गाडीचं हेच झालं होतं. एका मेकॅनिकनं चेन अशीच कचकचून ओढून दिली, मीही शहाण्यासारखा "एकदम टाइट करा" म्हणालो होतो. थोड्याच दिवसांत पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरखालून ऑइल ठिबकायला लागलं आणि चालवताना घुंऽऽ असा आवाज. इंजिन खोलावं लागलं. चेन सैल असती तर फार तर खडखडली असती.

अर्थात सैल चेनही निरुपद्रवी नाही. फार सैल झाली तर दातांवरून उडते, उतरते, आणि चाकात अडकली तर मागचं चाक जागेवर जाम. पण ती आधी आवाज करून सांगते. घट्ट चेन गप्प बसून खाते.

मग प्ले किती? आपल्याकडच्या १००-१२५ सीसीच्या बहुतेक रोजच्या गाड्यांना २० ते ३० मिलीमीटर. लांब सस्पेन्शनच्या उंच गाड्यांना याहून जास्त. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो, बऱ्याच गाड्यांच्या चिमट्यावर स्टिकरही असतो. मेन स्टँडवर मोजायचं की साइड स्टँडवर, तेही तिथंच बघा. आणि इथं लोक चुकतात: २५ मिलीमीटर म्हणजे मधल्यापासून वर २५ नव्हे. पार खाली दाबलेली ते पार वर उचललेली, हे सगळं मिळून २५. शाळेची पट्टी शेजारी धरा, अंदाज नको.

पूर्ण कव्हरवाली गाडी असेल तर कव्हरला एक रबरी बूच असतं. ते काढून त्या भोकातून चेन वर-खाली करून बघायची.

एकाच जागी मोजून उठू नका. चाक थोडं फिरवा, मोजा, परत फिरवा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, एखाद्या जागी ती जास्त घट्ट लागते. सेटिंग त्या घट्ट जागेवर करायचं. चाक हातानं फिरवायचं, इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये. गिअर टाकून चालू गाडीवर फडकं धरून चेन पुसणारे बहाद्दर मी पाहिलेत. फडकं ओढलं गेलं की बोटं त्याच्यामागं जातात. हे करू नका, एवढंच.

आता काकांची चेन सैल करू. काका, उतरा आता, गाडी परत स्टँडवर घेऊ.

आधी एक्सलचा नट सैल. या जातीच्या गाडीत चेनच्या बाजूला आणखी एक मोठा स्लीव्ह नट असतो, तोही सैल. ड्रम ब्रेक आहे, म्हणून ब्रेक प्लेटला धरून ठेवणाऱ्या पट्टीचा नटही थोडा ढिला करतो. मग दोन्ही बाजूंचे अॅडजस्टर, म्हणजे चाक मागं ओढून धरणारे बोल्ट, सोडायचे. डावीकडे अर्धा फेरा, उजवीकडे अर्धा फेरा. एकदम चार फेरे नाहीत. चाक एखाद-दोन मिलीमीटर सरकलं तरी प्ले झपकन बदलतो.

आता नुसतं सोडून चाक आपोआप पुढं येत नाही. मागून टायरला हातानं ढकला. चिमट्यावर या रेघा आहेत ना, त्या दोन्ही बाजूंना सारख्या आल्या पाहिजेत, नाहीतर चाक तिरकं बसेल आणि स्प्रॉकेटचे दात एका अंगानं घासतील.

मोजपट्टी लावतो... २५. आता नट आवळायचे. आवळताना एक्सल हलतो, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा मोजायचं. बघा, २२ झाली. चालेल. ब्रेक प्लेटच्या पट्टीचा नट विसरू नका, त्याला पिन असेल तर ती परत घाला. तो निघाला तर ब्रेक मारल्यावर प्लेटच फिरेल.

"चेन लांबली" म्हणतो आपण, पण लोखंड काही ताणलं जात नाही. झिजतात त्या आतल्या पिना आणि बुश. एका कडीत ०.१ मिलीमीटर झीज धरा, शंभर-एक कड्यांची मिळून १ सेंटिमीटर झाली. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून बाहेर ओढा. अर्धा दात उघडा पडत असेल तर कितीही अॅडजस्ट करा, ती गेली. मग चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलायची. जुन्या दातांवर नवी चेन लवकर मरते.

क्लिपवालं चेन लॉक असेल तर तेही बघा. वरच्या चेनवर पाहिलं तर क्लिपचं बंद तोंड पुढं, उघडं तोंड मागं. उलटं असेल तर कशाला तरी घासून क्लिप निघू शकते.

राहिला ब्रेक. आपण आज चाक पुढं घेतलं, म्हणून ब्रेकचा रॉड सैल पडलाय. हे बघा, पेडल किती खाली जातंय. रॉडच्या मागचा नट फिरवून पेडलचा प्ले परत आणतो. चेन ओढली असती तर उलटं झालं असतं, ब्रेक धरून बसला असता. काकांचा ब्रेक परवापासून थोडा धरतच होता, हब हात लावून बघितलं तर गरम लागायचं. ते म्हणत होते, उन्हानं असेल.

(चाक हातानं फिरवतो.)

मोकळं फिरतंय. काका, कॅन लावा, एक फेरी मारून या, आल्यावर हब परत हात लावून बघू.