ताकद नेमकी असते कुठे?

खुर्चीत एक माणूस बसलाय. मनगटाला पट्टा बांधलाय आणि कोपरातून हात वाकवत तो पट्टा सगळा जोर लावून ओढायचाय, दर मिनिटाला एकदा, असं अर्धा तास. त्याच्या मागे एकजण शर्यतीचं पिस्तूल घेऊन उभा आहे, ओढायच्या काही सेकंद आधी मधूनच एखादा बार काढतो, पण कधी काढणार हे बसलेल्याला माहीत नाही. मिचिओ इकाई आणि आर्थर स्टाइनहाउस यांनी 1961 मध्ये हा प्रयोग छापला. बार झाल्यावर जोर सरासरी 7 टक्क्यांहून थोडा जास्तच वाढला, ओढताना स्वतः मोठ्याने ओरडलं तर 12 टक्के, आणि संमोहनाखाली तर 26 टक्क्यांच्या आसपास. आता बघा, हात तोच, स्नायू तोच, आणि मिनिटभरापूर्वी याच माणसाने पूर्ण जोर लावून ओढलं होतं, मग हा वरचा जोर आला कुठून?

तो आतच होता, मज्जासंस्था तो पूर्ण वापरू देत नव्हती. मला वाटतं ताकदीबद्दल कुठलीही गोष्ट सुरू करायची तर इथूनच करावी, कारण आपण सगळे ताकद म्हटलं की दंडाचा घेर बघतो, आणि रिसर्च मात्र गेली शंभर-सव्वाशे वर्षं पुन्हा पुन्हा मेंदू आणि नसांकडे बोट दाखवतोय.

त्यासाठी आधी मोटर युनिट म्हणजे काय ते बघू. मज्जारज्जूतली एक चेतापेशी आणि तिच्या हुकुमावर आकुंचन पावणारे सगळे स्नायूतंतू, हे मिळून एक युनिट. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत एका पेशीकडे जेमतेम दहाएक तंतू असतात, पायाच्या मोठ्या स्नायूत हजारावर. एलवूड हेनेमन यांनी 1950 आणि 60 च्या दशकात दाखवलं की ही युनिट्स ठरलेल्या क्रमाने कामाला लागतात, आधी लहान, मग जोर वाढवत गेलात की मोठी. म्हणजे सगळ्यात दणकट युनिट्स सगळ्यात शेवटी येतात, आणि ज्याने कधी जड काही उचललेलंच नाही त्याला ती नीट कामाला लावायची सवयच नसते.

म्हणूनच ट्रेनिंग सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यात उचलता येणारं वजन भराभर वाढतं पण आरशात काहीच फरक दिसत नाही. बरेच जण इथेच सोडून देतात, आणि याचं खरंच वाईट वाटतं, कारण काम जोरात चालू असतं, फक्त ते डोळ्याला दिसत नाही. 1979 मध्ये मोरितानी आणि डेव्हरीज यांनी आठ आठवडे लोकांच्या एकाच हाताला ट्रेनिंग दिलं, ईएमजी लावून स्नायूतले विद्युत सिग्नल मोजले, आणि निघालं असं की सुरुवातीची वाढ मुख्यतः नसांमुळे होते, स्नायू जाड होण्याचा वाटा नंतर वाढत जातो. आणि दुसऱ्या हाताचं काय, ज्याने काहीच केलं नव्हतं? त्याचीही ताकद वाढली, जाडी मात्र वाढली नाही.

हे पहिल्यांदा कळलं ते फार आधी, 1894 मध्ये, येल विद्यापीठात. एडवर्ड स्क्रिप्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका हाताला सराव दिला आणि न वापरलेला हातही सुधारला. आज एक हात किंवा पाय प्लास्टरमध्ये असेल तर चांगल्या बाजूचा व्यायाम चालू ठेवा असं सांगतात, त्यामागे हीच गोष्ट आहे.

मग वजन किती उचलायचं हा प्रश्न येतोच. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या पायांवर उपचार करताना डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी हलक्या, सौम्य व्यायामाची त्या वेळची पद्धत बाजूला ठेवली आणि जड वजनं वापरली. दहा वेळा जेमतेम उचलता येईल एवढं वजन शोधायचं आणि ताकद वाढेल तसं ते वाढवत न्यायचं. 1945 मध्ये त्यांनी हे छापलं, आणि आज कुठल्याही जिममध्ये रेप्स, सेट्स जे काही बोललं जातं त्याच्या मुळाशी बरंचसं हेच आहे. अलीकडच्या अभ्यासांनी त्यात एक चांगली भर घातली: हलकं वजन अगदी थकेपर्यंत उचललं तरी स्नायू जवळपास तेवढाच वाढतो, पण एकदाच जास्तीत जास्त वजन उचलायची ताकद हवी असेल तर जडच उचलावं लागतं. कारण पुन्हा तेच, तेही एक कौशल्यच आहे आणि ते सरावानेच येतं.

आता या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा अभ्यास. 1990, बॉस्टन. डॉक्टर मारिया फियाटारोन यांनी वृद्धांच्या संस्थेत राहणाऱ्या दहा जणांना निवडलं, वय 86 ते 96, अशक्त, अनेक आजार असलेले. आणि त्यांना दिलं काय, तर मांडीच्या स्नायूंसाठी खरोखरचं जड ट्रेनिंग, आठवड्यातून तीनदा, एका वेळी जास्तीत जास्त उचलता येणाऱ्या वजनाच्या 80 टक्क्यांपर्यंत. नव्वदीच्या माणसांना! आठ आठवडे नऊ जणांनी पूर्ण केले. मांडीतला स्नायू साधारण 9 टक्के वाढला. ताकद वाढली सरासरी 174 टक्के, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा, 9 आणि 174, एवढा फरक फक्त मांसाच्या वाढीने समजावताच येणार नाही. दोन जणांची चालताना लागणारी काठी सुटली.

2015 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात 17 देशांतल्या सुमारे 1 लाख 40 हजार लोकांचा अभ्यास आला, त्यात हाताच्या पकडीचा जोर मोजला होता. पकड 5 किलोने कमी असेल तर मृत्यूचा धोका 16 टक्के जास्त. इथे मात्र जरा थांबा, याचा अर्थ स्प्रिंगचं ग्रिपर दाबत बसलं की आयुष्य वाढतं असा नाही. पकड हा अंगातल्या एकूण ताकदीचा आणि तब्येतीचा एक सोपा अंदाज आहे, एवढंच. जागतिक आरोग्य संघटना म्हणते आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंचा व्यायाम हवा, आणि 65 च्या पुढे तर तोल आणि ताकदीचा व्यायाम तीन दिवस.

बॉस्टनच्या त्या अभ्यासाचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. आठ आठवडे संपले, ट्रेनिंग बंद झालं, आणि चार आठवड्यांनी पुन्हा मोजलं तर जास्तीत जास्त ताकदीतली 32 टक्के गेली होती. त्यामुळे अशा संस्थांमध्ये आठ आठवड्यांचा उपक्रम करून फोटो काढून थांबणं पुरणार नाही, जेवण आणि औषधं जशी रोजच्या वेळापत्रकात असतात तसं वजनांसाठीही आठवड्याचं वेळापत्रक हवं, शिकवणारा माणूस हवा आणि ते वर्षभर चालायला हवं.