आधी ट्रॅक, मग काच

(दृश्य : पुण्यातलं वाकड, सकाळचे साडेसात. सोसायटीचं गेट. स्कूटरच्या पायाशी निळी बादली, बादलीत उभा केलेला वायपर.)

"कुठे?" वॉचमन विचारतो.
"बी विंग, ७०३."
"काम काय?"
"खिडक्या."
वॉचमन आधी बादलीकडे बघतो, मग त्याच्याकडे. "नुसत्या खिडक्या?"

हा प्रश्न त्याला प्रत्येक गेटवर ऐकायला मिळतो. वय सव्वीस. हिंजवडीतल्या एका ऑफिसात हाउसकीपिंगला होता, काच पुसायला तिथेच शिकला. आता दोन वर्षं स्वतःचं काम करतोय. नाव सांगू नका म्हणाला. गावाकडे तो अजून कंपनीतच आहे असा समज आहे, आणि तो समज एवढ्यात मोडायची त्याची तयारी नाही.

वॉचमनचं चुकतही नाही म्हणा. आपल्याकडे खिडकी पुसायला बाहेरून माणूस बोलवायची रीतच नाही. दिवाळीच्या आधी रद्दी पेपर ओला करायचा, काचेवर फिरवायचा, झालं. मग या धंद्याला पैसे कोण देतं?

(दृश्य : बेडरूमची सरकती खिडकी. कॅमेरा खाली, ट्रॅकवर, म्हणजे खिडकी जिच्यात सरकते त्या खाचेवर.)

उत्तर इथे आहे. दोन-तीन वर्षांची धूळ, कबुतराची पिसं, पावसाचं पाणी आत येऊन झालेला चिखल, आणि त्यात मेलेला एखादा किडा. कामाला येणाऱ्या मावशी याला हात लावत नाहीत, आणि त्यांनी का लावावा? काच त्या पुसतात. ट्रॅक, जाळी आणि पांढरे डाग मात्र कुणाच्याच वाट्याचे नसतात. त्याचा धंदा या तीन गोष्टींवर उभा आहे. काच सगळ्यात शेवटी येते, आणि तिला वेळही सगळ्यात कमी लागतो.

आधी जाळी काढून बाथरूममध्ये उभी करायची. मग रंगाच्या जुन्या ब्रशने ट्रॅक कोरडाच झाडायचा. हे महत्त्वाचं, कारण आधी पाणी ओतलं की धुळीचा गारा होतो आणि पाणी बाहेर जायची बारीक भोकं बुजतात. एकदा ती बुजली की पावसाळ्यात पाणी घरात येतं. बऱ्याच घरांत खिडकी गळते म्हणून सिलिकॉन मारून घेतात, आणि दोष असतो त्या भोकांत अडकलेल्या कचऱ्याचा. तो एक बारीक तार घेतो आणि भोकं मोकळी करतो. काकू मागे उभ्या राहून बघतात. पुढच्या वर्षीचं काम तिथेच पक्कं होतं.

(दृश्य : रविवार पेठ, बोहरी आळी. दुकानांबाहेर टांगलेले झाडू, ब्रश, वायपर.)

सामान घ्यायला तो इथे आला होता. एक फूट रुंदीचा काचेचा वायपर, काचेला साबण लावायचा कापडी दांडा, पात्याची खरडणी, मायक्रोफायबरचे डझनभर फडके, दोन बादल्या, ब्रश, हातमोजे. स्कूटर होतीच. बाकी सगळं पाच हजारांच्या आत बसलं.

इथे नवा माणूस एक चूक हमखास करतो. फरशीचा वायपर आणि काचेचा वायपर एकच समजतो. फरशीच्या वायपरला जाड, मऊ स्पंज असतो. तो पाणी ढकलतो आणि मागे ओल सोडतो. काचेच्या वायपरला एकच पातळ रबर असतं, धारदार कडेचं. हे हत्यार आज दिसतं तसं झालं ते कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये. एत्तोरे स्तेकोने नावाच्या, इटलीतून आलेल्या खिडक्या पुसणाऱ्या माणसानेच ते घडवलं. आधीचे वायपर जड, पोलादी असत. त्याने हलकं पितळी केलं आणि १९३६ साली पेटंट घेतलं. त्यानंतर मूळ कल्पनेत फारसा बदल झालेला नाही. त्यामुळे महागड्या दांड्यावर पैसे घालू नका, रबर चांगलं घ्या आणि ते वरचेवर बदला. कड बोथट झाली की काचेवर रेघा उठतात, आणि लोक साबणाला दोष देत बसतात.

साबण किती? अर्ध्या बादलीला भांड्यांच्या लिक्विडचे चार-पाच थेंब. फेस दिसला म्हणजे काम चांगलं झालं असं गिऱ्हाइकाला वाटतं, पण तो जास्तीचा फेस नंतर आपल्यालाच पुसायला लागतो.

(दृश्य : काचेवर वायपर. ओढल्याचा आवाज. मध्ये निवेदन नाही.)

वरची बोटभर पट्टी आधी फडक्याने कोरडी केली, म्हणून वायपर तिथे टेकवता आला. ओल्या काचेवर टेकवला असता तर पहिलीच रेघ उठली असती. प्रत्येक ओढीनंतर रबर पुसायचं. पुढची ओढ आधीच्या पट्टीवर थोडी चढवायची. आणि ऊन थेट पडलेल्या काचेला हात लावायचा नाही, कारण साबण ओढायच्या आधीच वाळतो. म्हणून सकाळी तो पश्चिमेच्या खिडक्या घेतो, पूर्वेच्या दुपारनंतर.

आता पांढरे डाग. पुण्याच्या या भागात किती सोसायट्या टँकरवर आणि बोअरवर चालतात ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी उडून जातं, क्षार काचेवर राहतात. बाथरूमची खिडकी आणि वरच्या मजल्यावरच्या कुंड्यांचं पाणी जिच्यावर ओघळतं ती बाल्कनीची काच, या दोन जागा सगळ्यात वाईट. ताजे डाग व्हिनेगरने निघतात. फडका भिजवून दहा मिनिटं काचेवर चिकटवून ठेवायचा. वर्षानुवर्षांचे डाग मात्र काचेला चावलेले असतात, ते निघतीलच असं कबूल करू नये.

व्हिनेगरचा धडा त्याने पैसे मोजून घेतला. खिडकीखालचा कट्टा संगमरवराचा होता. व्हिनेगर ओघळलं आणि कडेची झिलई गेली, कारण क्षार विरघळतो तसाच संगमरवरही विरघळतो. कोटा फरशीचंही तेच. त्या दिवसाचे पैसे त्याने घेतले नाहीत. आता खाली प्लॅस्टिक अंथरल्याशिवाय बाटली उघडत नाही. संडासाचं ॲसिड तर पिशवीतच नको. त्याने अॅल्युमिनियमच्या फ्रेमचा रंग उडतो.

शेवटचा हात कुठल्या पाण्याचा, हाही प्रश्न असतोच. टँकरच्याच पाण्याने धुतलं तर पुन्हा डाग. तो इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन सोबत ठेवतो. त्यात क्षार जवळजवळ नसतातच. काही लोक काटकसर म्हणून आरओ मशीनमधून बाहेर पडणारं पाणी देतात. ते फरशीला चालेल, काचेला नाही, कारण पिण्याच्या पाण्यातून काढलेले सगळे क्षार त्यातच असतात.

(दृश्य : सातव्या मजल्यावरून खाली. क्षणभर शांतता.)

इथे त्याचा एकच नियम आहे. दोन्ही पाय घरातल्या जमिनीवर. खिडकीच्या कट्ट्यावर चढायचं नाही, छज्ज्यावर उतरायचं नाही, सरकतं दार ट्रॅकमधून उचलून काढायचं नाही. हात पोचेल तेवढी बाहेरची काच करायची. राहिलेली राहिली, तसं आधीच सांगायचं आणि त्याचे पैसे धरायचे नाहीत. बाहेरून दोरावर लटकून इमारतीच्या काचा धुणं हा वेगळा धंदा आहे. त्याला प्रशिक्षण लागतं, अंगभर पट्टा लागतो, दोन स्वतंत्र दोर लागतात. पाच हजारांत ते बसत नाही. "एवढं जरा पाय टाकून कर की," असं म्हणणारे भेटतात. तो हसतो आणि बादली उचलतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, ऑनलाइन आणि मोफत आहे. तिचे पैसे मागणारा माणूस तुमचं नाही, स्वतःचं बघतोय. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्याखाली नुसती सूचना द्यावी लागते. सेवेच्या धंद्याला जीएसटी वर्षाला वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही. मुद्रा योजनेत शिशू गटात पन्नास हजारांपर्यंत कर्ज मिळतं. त्याने काढलं नाही. कशाला काढू, विचारतो, बादली तर आलीय.

दराचं गणित त्याला उशिरा कळलं. पहिल्या खेपेला टू बीएचकेला चार तास लागतात, दुसऱ्या खेपेला दोनही लागत नाहीत. दोन्हींचा दर एकच ठेवला, म्हणून पहिले सहा महिने तो राबला आणि उरलं काहीच नाही. आता पहिल्या धुण्याचा दर वेगळा. काम धरायच्या आधी ओरखड्यांचे फोटो काढतो, नाहीतर जुना ओरखडा आपल्या नावावर पडतो. नव्या फ्लॅटमध्ये रंगाचे, सिमेंटचे शिंतोडे खरवडायचे असतील तर काच ओली ठेवतो, आणि टफन ग्लास, म्हणजे तापवून कडक केलेली काच, असेल तर पातं लावतच नाही.

दसरा ते दिवाळी त्याला जेवायला वेळ नसतो. जून ते सप्टेंबर फोन वाजत नाही. तेव्हा तगवतात ती दुकानं. चष्म्याचं, मोबाइलचं, दोन सलून. आठवड्यातून एकदा, दुकान उघडायच्या आधी, पैसे महिन्याला. रक्कम छोटी, पण घरभाडं त्यातूनच जातं.

(दृश्य : ७०३ चं दार. काकू पैसे देतायत. जिन्यात शेजारच्या बाई.)

"आमच्याकडे पण करून द्याल का? किती घेता?"

तो दर सांगत नाही. बादली खाली ठेवतो.

"ताई, तुमच्या बाथरूमला पाणी टँकरचं येतं की बोअरचं?"