मेणाची वर्दी

सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या पार्श्वभूमीवर या लाल काड्या दिसतायत ना, ते क्षयाचे जंतू. थुंकीच्या काचपट्टीला आधी लाल रंग दिला, मग ती आम्लाने धुतली. बाकी सगळ्यांचा रंग उतरला, यांचा नाही. अंगावर मेण आहे, ते रंग सोडत नाही.

मेण तरी किती चिवट! आपल्या चरबीतल्या बहुतेक साखळ्या १६-१८ कार्बनच्या. इथे मेणातल्या एकेका मेदाम्लात, म्हणजे मायकोलिक आम्लात, ६० ते ९० कार्बन. अशी दोन आम्लं ट्रेहॅलोज या साखरेला जोडली की होतो ‘कॉर्ड फॅक्टर’. कॉर्ड म्हणजे दोर. हे जंतू पीळ घातल्यासारखे एकमेकांना चिकटून वाढतात, त्यावरून हे नाव. १९५० मध्ये ह्युबर्ट ब्लॉख यांनी पेट्रोलियम ईथरने हा थर काढून टाकला. जंतू जगले, दोर सुटले.

आता मॅक्रोफेज पाहा. जंतू गिळणारी ही पेशी. तिच्यावर ‘मिंकल’ नावाचा पहारेकरी असतो. आपल्याच मेलेल्या पेशींची खबर त्याला लागते, हे आधी कळलं होतं. २००९ मध्ये जपानच्या क्युशू विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की कॉर्ड फॅक्टरही तोच ओळखतो. नुसती साखर दिली, मिंकल ढिम्म. नुसतं मेण दिलं, तरी ढिम्म. दोन्ही जोडून आलं, की लगेच वर्दी.

वर्दी मिळाली की पेशी धावून येतात, जंतूभोवती गाठ बांधतात. बरेच जंतू मरतात. काही मात्र त्याच गाठीत वर्षानुवर्षं दबा धरून बसतात. मला तरी हे जंतूचं सर्वात बेरकी काम वाटतं.

टी पेशी याही रोगाशी लढणाऱ्या, पण त्यांची तऱ्हा वेगळी. त्यांना माल कुणीतरी मांडून दाखवावा लागतो. प्रथिनांचे तुकडे मांडणारे एचएलए रेणू माणसागणिक वेगळे. अवयव जुळवताना डॉक्टर तपासतात, तेच हे. मेदासाठी मात्र वेगळं ताट आहे, सीडी-१. त्यातलं सीडी-१बी क्षयाचं मायकोलिक आम्ल टी पेशींपुढे धरतं, हे १९९४ मध्ये दिसलं. आणि हे ताट जवळजवळ सगळ्या माणसांत एकसारखंच. म्हणून लस शोधणाऱ्यांचा त्यावर डोळा आहे.

अडचण एवढीच, की प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या उंदरात सीडी-१बी नाहीच. गिनीपिगमध्ये आहे.