निशाणी बांगडी

(माळ्यावरची लाकडी पेटी. गाठ सोडणारे हात.)

सातारा जिल्ह्यातल्या जुन्या घरांच्या माळ्यांवर अशा पेट्या अजून निघतात. पेटीत रुमाल, रुमालात घराण्याचे कागद. बोरूने लिहिलेली मोडी. आधी आडवी रेघ ओढायची, मग तिला अक्षरं टांगत, हात शक्यतो न उचलता ओळ पुरी करायची.

(कागदाचा खालचा भाग, जवळून.)

गावच्या पंचांसमोर झालेला कागद शेवटाकडून पाहावा. तिथं सहीच्या जागी काढलेल्या खुणांत अख्खं गाव भेटतं. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, चांभाराची आरी. लिहिता येत नाही म्हणून कुणाची साक्ष अडत नसे. आणि बाईची निशाणी? बांगडी.

विधवेच्या नावावर जमीन क्वचितच. एकत्र कुटुंबात नवऱ्याचा हिस्सा मुलाकडे, नाहीतर दिरांकडे. मूल नसेल तर दत्तक. साताऱ्याच्या गादीचा दत्तक कंपनी सरकारने १८४८ साली नाकारला, ते शाळेत शिकवतात. खेड्यातल्या बाईने दत्तकासाठी भाऊबंदांशी मांडलेला तंटाही इतिहासच आहे.

(दागिने, मग भांडी. सावकाश.)

तिचं स्वतःचं म्हणावं असं उरायचं ते स्त्रीधन. बापाने लग्नात घातलेलं, भावाने दिलेलं. ही पुतळ्यांची माळ. ही वज्रटीक. गोठ, पाटल्या, वाक्या. तांब्याचा हंडा, पितळी परात. परातीच्या काठावर टिंबं ठोकून घातलेलं नाव वाचा, बाईचं आहे.

मिताक्षरा या धर्मशास्त्रावरच्या जुन्या टीकाग्रंथाप्रमाणे हे धन तिच्यामागे लेकींचं, त्यातही आधी बिनलग्नाच्या लेकीचं. धर्मशास्त्रात मृत्युपत्र हा प्रकारच नव्हता. म्हणून ज्या सुनेनं दुखणं काढलं तिला एखादी पाटली द्यायची, तर ती हयातीतच, चार माणसांदेखत द्यावी लागे. कुणाला काय आणि कुणाला का नाही, हे तिनं ठरवायचं. घराण्यांचे इतिहास वतनाच्या वाटण्यांनी भरलेले असतात. हा निवाडा मात्र ‘भांडीकुंडी’ म्हणून गाळला जातो. तो गाळू नये, एवढ्यासाठी ही फिल्म.

१९३७ च्या कायद्याने विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हिस्सा दिला, तोही हयातीपुरता. पुरी मालकी १९५६ साली आली.

(मोडी वाचणारे आजोबा, हातात भिंग.)

तुमच्या माळ्यावर असा रुमाल असेल तर कागदांना लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. फोटो काढा, मोडी जाणणाऱ्याला दाखवा, आणि बांगडीची खूण दिसली तर त्या बाईचं नाव वंशावळीत लिहा.