थांबलेल्या गाडीवर बसून बघा

(नाशिकमध्ये पहिली मोटरसायकल घेऊ पाहणाऱ्या मुलामुलींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. वक्ते सातपूर भागात दुचाकींचं गॅरेज चालवतात.)

बसल्या बसल्या एक करा. खुर्चीच्या अगदी कडेला या आणि दोन्ही टाचा उचलून फक्त बोटांवर जोर द्या. आता उजवा पाय उचला, ब्रेकवर ठेवल्यासारखा. राहिली डाव्या पायाची बोटं. अर्ध्या मिनिटात पोटरी थरथरायला लागेल. आता असं समजा की मांड्यांमध्ये १९५ किलोची गाडी आहे, मागे बहीण बसलीये, तुम्ही द्वारका चौकाच्या सिग्नलला उभे आहात आणि पावसाची भुरभुर सुरू आहे.

आजचं माझं बोलणं बरंचसं याच अर्ध्या मिनिटाबद्दल आहे.

गेली सव्वीस वर्षं मी गॅरेज चालवतोय. नवी गाडी घेऊन महिना-दीड महिन्यात पोरं येतात. क्लचचा लिव्हर वाकलेला, इंडिकेटर तुटलेला, लेग गार्ड घासलेला. मी विचारतो, "कुठे पडलास रे?" दहातले आठ जण सांगतात, "पडलो नाही काका, उभी गाडीच कलंडली." यू टर्न घेताना, पार्किंगमधून मागे ओढताना, सिग्नलला पाय टेकायला गेला आणि नेमका खाली खड्डा. गाडी सरळ उभी असते तोवर तिचं वजन चाकं पेलतात, आपल्याला जाणवत नाही. ती थोडी कलली की भार हळूहळू आपल्या पायावर यायला लागतो, आणि एका मर्यादेपलीकडे पैलवानालाही ती आवरत नाही. तुमचा तळवा पूर्ण टेकलेला असेल, तर त्या मर्यादेच्या आत तिला परत उभी करता येते. नुसती बोटं टेकत असतील तर नाही येत.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. १९९८ साली मी पहिली गाडी घेतली. सेकंडहँड, जड, आणि घेतली ती केवळ आवाजावर भाळून. माझी उंची पाच फूट चार इंच. पहिल्याच सोमवारी आईला मागे बसवून त्र्यंबकला नेलं. सगळा रस्ता व्यवस्थित गेलो. गाडी लावायच्या जागी फरशी ओली होती, मी वळवायला थांबलो, पाय सरकला आणि गाडी डावीकडे गेली. आई डावीकडेच पाय सोडून बसली होती. तिचं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर होतं. ती मला एका शब्दानं बोलली नाही. पण त्यानंतर ती माझ्या मागे कधी बसली नाही, शेवटपर्यंत. म्हणून कुणी आपल्या पोराला घेऊन गॅरेजवर आला आणि "काका, कुठली काढू?" असं विचारलं, की मी पिकअपच्या आधी वजन आणि सीट विचारतो.

आकडे सांगतो, ते उतरवून घ्या. हिरो स्प्लेंडर पेट्रोलसकट साधारण ११२ किलो. होंडाची शाईन १२५ त्याच्याच आसपास. टीव्हीएस रेडर १२३. यामाहाची एफझेड १३५ ते १३७. पल्सर १५० जवळपास १४८. रॉयल एनफिल्डची हंटर १८१ आणि क्लासिक १९५. म्हणजे पहिली आणि शेवटची यांच्यात ऐंशी किलोंवर फरक आहे, एक अख्खा माणूस. पळत्या गाडीवर तो माणूस जाणवत नाही. घराच्या उतारावरून गाडी मागे ओढताना मात्र तो रोज सकाळी भेटतो.

सीटच्या उंचीचा कागदावरचा आकडा फसवा असतो. स्प्लेंडर आणि पल्सर १५०, दोन्हींची सीट साधारण ७८५ मिलिमीटर. पण पल्सरची सीट आणि टाकी रुंद आहे, मांड्या जास्त फाकतात, आणि तोच माणूस एकीवर तळवा टेकवतो आणि दुसरीवर टाच उचलतो. म्हणून शोरूममध्ये जाताना चप्पल घालून जाऊ नका. ज्या बुटांवर कामाला जाता तेच घाला. गाडी मेन स्टँडवरून उतरवायला सांगा, स्वतः बसा, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. मग उतरा आणि बाजूला उभं राहून ती दहा पावलं पुढे, दहा पावलं मागे ढकला. सेल्समन घाई करेल, करू द्या. लाखभर रुपये तुम्ही देणार आहात.

मुलींना वेगळं सांगतो, कारण अजूनही शोरूममध्ये मुलगी दिसली की तिला आधी स्कूटरकडे वळवतात. स्कूटर चांगलीच आहे, पण तुम्हाला मोटरसायकल हवी असेल तर उंचीचं कारण ऐकून परत फिरू नका. माझ्याकडे पाच फूट एक इंच उंचीची एक ताई येते, अंबडला एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. रोज १२५ सीसीची मोटरसायकल मारते. तिनं पाच गाड्यांवर बसून बघितलं आणि जिच्यावर दोन्ही पायांचे चवडे नीट टेकले ती घेतली. सीटचा फोम थोडा कापून घेतला, तेवढंच. तिची गाडी चार वर्षांत एकदाही पडलेली नाही.

आता रोजचा रस्ता. तुमच्यातले बरेच जण सातपूर नाहीतर अंबडच्या एमआयडीसीत जाणारे. नाशिक रोडहून अंबडला येऊन-जाऊन पंचवीस किलोमीटर धरा. महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे ६५० किलोमीटर. साठचा अॅव्हरेज देणारी गाडी त्याला अकरा लिटरच्या आत पेट्रोल पिते, पंचेचाळीसची साडेचौदा लिटर, पस्तीसची साडेअठरा. पेट्रोल शंभराच्या वर आहे, हिशोब तुम्ही करा. पहिल्या पगारात महिन्याला साडेतीनशे-चारशेचा फरक मोठा नाही असं वाटतं, पण हप्ता, आई-वडिलांना द्यायचे पैसे आणि मेसचं बिल वजा झाल्यावर तो दिसायला लागतो.

आणि रस्ता कसा आहे? मुंबई नाका ते द्वारका संध्याकाळी सहाला दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही. २०२७च्या सिंहस्थाच्या तयारीत ठिकठिकाणी खोदकाम आहे. अशा रस्त्यावर चाळीस मिनिटं हाफ क्लच मारायचा असतो. जड क्लच असेल तर महिन्याभरात मनगट बोलायला लागतं. इथे शंभर-सव्वाशे सीसीची गाडी तुमचं आयुष्य सोपं करते, हे मी बिनदिक्कत सांगतो.

मग प्रश्न येतो, "काका, रविवारचं काय?" रविवार महत्त्वाचा आहे, मी तो उडवून लावत नाही. नाशिकसारखं शहर आपल्याला मिळालंय, गाडीवाल्यासाठी याहून चांगलं काय असणार! त्र्यंबक अठ्ठावीस किलोमीटर, वाटेत अंजनेरी. सप्तशृंगी गड साठेक, भंडारदरा सत्तरच्या आसपास, सापुतारा ऐंशी. हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला जा, २०२०मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलेलं ते पाणथळ आपल्या निफाड तालुक्यात आहे. यातली एकही जागा अशी नाही की जिथे १२५ सीसीवर पन्नास-पंचावन्नच्या वेगानं आरामात जाता येत नाही. टाकी दहा लिटरची असली तरी एका भरण्यात जाऊन-येऊन होतं. समृद्धीचं डोक्यात असेल तर काढून टाका, त्या महामार्गावर दुचाकीला परवानगीच नाही.

शंभरची गाडी कुठे कमी पडते, तेही सांगतो. डबलसीट नांदुरीहून गडाचा घाट चढताना ती दुसऱ्या गिअरवर येते आणि इंजिन ओरडतं. इगतपुरीच्या पुढे महामार्गावर ट्रकला ओव्हरटेक करायला तिच्यात दम उरत नाही, आणि अर्धवट ओव्हरटेकसारखी वाईट जागा दुसरी नाही. म्हणून रोज एकटं आणि महिन्यातून एखाद्या रविवारी दोघं असा वापर असेल तर सव्वाशे. दर शनिवार-रविवार दोघं महामार्गावर निघणार असाल आणि पाय नीट टेकत असतील, तर दीडशे-एकशे साठ. साडेतीनशेची पहिली गाडी म्हणून मी कुणाला सुचवत नाही. दुसरी म्हणून जरूर घ्या, दोन पावसाळे झाल्यावर.

सव्वाशे आणि दीडशे यांच्यातली माझ्या दृष्टीनं खरी रेघ ताकदीची नाहीच, ब्रेकची आहे. एप्रिल २०१९पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं आणि १२५ व त्याखालच्यांना निदान कॉम्बी ब्रेक. कॉम्बीमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. घाबरून फक्त पायाचा ब्रेक दाबणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. पण चाक जाम होणं तो थांबवत नाही. एबीएसमध्ये चाकाजवळचा सेन्सर चाकाची गती मोजत असतो. चाक अचानक थांबतंय असं दिसलं की एबीएस ब्रेकचं प्रेशर क्षणभर सोडतं आणि पुन्हा देतं, सेकंदात अनेक वेळा. हाताला तिथे थडथड जाणवते. घाबरून लिव्हर सोडू नका, ती थडथड म्हणजे एबीएस त्याचं काम करतंय.

आपल्या जिल्ह्यात याची गरज कुठे पडते? जूनच्या पहिल्या पावसात दिंडोरी रस्त्याला जा. ट्रॅक्टर शेतातून डांबरावर येतात, टायरमधली काळी माती रस्त्यावर पसरते, त्यावर पाऊस. साबण लावल्यासारखा रस्ता होतो. तिथे पुढचा ब्रेक कचकन दाबला आणि एबीएस नसलं, तर पुढचं चाक घसरतं, आणि पुढचं चाक घसरलं की सावरायला वेळ मिळत नाही. रात्री कांद्याची ट्रॉली मागचा दिवा न लावता चाललेली असते, ती हेडलाइटमध्ये एकदम दिसते. साठच्या वेगाला एका सेकंदात गाडी सोळा-सतरा मीटर जाते, ब्रेकला हात लागायच्या आत. चाळीसला अकरा मीटर. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं. सव्वाशेत काही मॉडेलना आता एबीएस मिळतं. दोन-चार हजार जास्त जात असतील तर त्या पैशांसाठी अलॉय व्हील सोडा, रंग सोडा, ब्लूटूथचा मीटर सोडा.

पैशांबद्दल थोडं. सप्टेंबर २०२५मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे जुने भाव डोक्यात ठेवू नका. किंमत विचाराल तेव्हा ऑन रोडच विचारा, पासिंग आणि इन्शुरन्स धरून, आणि लेखी घ्या. एक बारीक गोष्ट फार कमी जण बघतात. थर्ड पार्टी विम्याचा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठीच्या विम्याचा, टप्पा १५० सीसीला बदलतो. जून २०२२पासूनच्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीला वर्षाला ७१४ रुपये आणि त्याच्या वर ३५०पर्यंत १,३६६. नव्या गाडीला पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो. म्हणजे १४९ आणि १६० सीसीच्या दोन गाड्या शोरूमच्या भावात जवळजवळ सारख्या दिसल्या, तरी विम्यात साडेतीन हजारांचा फरक पडतो.

हेल्मेटचे पैसे गाडीच्या आधी बाजूला काढा. दोन हेल्मेट, आयएसआयची, कारण कायद्यानं मागे बसणाऱ्यालाही ते हवंच. २०२१मध्ये आपल्या शहरात हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही अशी मोहीम निघाली, तेव्हा पंपाबाहेर एकमेकांची हेल्मेटं उसनी घेणारी माणसं मी बघितली. ती बघून मला खरंच वाईट वाटलं होतं.

सेकंडहँड घेणार असाल तर गाडी थंड असताना बघायला जा. आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. मागच्या चेन व्हीलचे दात बघा, वाकून अणकुचीदार झाले असतील तर चेन सेटचा खर्च धरा. पुढच्या शॉकअपला तेलाचा ओघळ दिसतो का बघा. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. पाच वर्षं झालेला टायर नक्षी शाबूत असली तरी बदला. आणि आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

नवी गाडी आली की पहिले हजार किलोमीटर एका वेगानं रेटू नका, वेग कमी-जास्त करत चालवा. पहिली सर्व्हिस चुकवू नका. दर पाचशे किलोमीटरला चेन पुसून तेल द्या, पावसाळ्यात त्याच्याही आधी. हवा आठवड्यातून एकदा.

एवढं ऐकूनही ठरणार नाही, मला माहीत आहे. म्हणून येत्या रविवारी सकाळी सात वाजता गॅरेजच्या शेजारच्या मोकळ्या पटांगणात मी चार गाड्या उभ्या ठेवतोय. एक शंभरची, दोन सव्वाशे, एक एकशे साठ. इंजिन बंदच असेल. बसा, ढकला, आठच्या आकड्यात फिरवून बघा, मी बाजूला धरायला आहे. लायसन्स असेल त्यांना नंतर चालवायलाही देईन. कामाचे बूट घालून या, आणि आई-वडिलांपैकी कुणी येत असेल तर त्यांनाही आणा, मागे बसून बघायला.